काट्याच्या बुडाशी : निवडुंगाच्या क्लोजअप फोटोंच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

प्रकल्पाचं सूत्र आज ठरलं. निवडुंगाचा फोटो काढणारा सहसा काट्यांकडे बघतो, नाहीतर फुलाकडे. मला काटा जिथून निघतो ती जागा टिपायची आहे. वनस्पतिशास्त्रात तिला एरिओल म्हणतात. एक-दोन मिलिमीटरची लोकरीची गादी. कोवळी असताना पांढरी किंवा पिवळसर, जुनी झाली की राखाडी. काटे तिच्यातून येतात, फूल तिच्यातून येतं, नवा फुटवाही तिथूनच. मुळात ती आखडून गेलेली फांदी आहे आणि काटे म्हणजे त्या फांदीची रूप बदललेली पानं. एरिओल असेल तर झाड कॅक्टेसी, म्हणजे निवडुंगाच्या कुळातलं. नसेल, तर कितीही काटेरी असलं तरी त्याचं कुळ वेगळं.

गणपतीत सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दरवर्षी मुलांची चित्रं लागतात. यंदा एक भिंत मला मिळाली आहे. ए-३ आकाराचे मॅट कागदावरचे प्रिंट, चौकट नाही, काच नाही. लोकांनी नाक टेकवून बघावं अशी इच्छा आहे.

हिशेब असा: माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३.५ मिमी रुंद. लेन्स १:१ वर लावली की झाडाचा तेवढाच तुकडा चौकटीत मावतो. ए-३ कागद ४२० मिमी रुंद, म्हणजे प्रिंटमध्ये जवळजवळ अठरा पट वाढ. दोन मिलिमीटरची एरिओल कागदावर साडेतीन सेंटिमीटरची होईल. एवढं पुरे आहे. याच्या पुढे गेलं की झाडाची ओळख हरवते आणि नुसता पोत उरतो. तो मला नको.

सामान: ९० मिमीची मॅक्रो लेन्स, एक्स्टेंशन ट्यूबचा (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या नळ्यांचा) संच, कॅमेरा हळूहळू सरकवायची फोकसिंग रेल, दोन एलईडी दिवे. काळी मखमल मंगलदास मार्केटमधून आणली. सुती काळं कापड कॅमेऱ्यात करडं दिसतं, मखमल प्रकाश गिळते.

१५ फेब्रुवारी

१:१ वर एफ/८ या छिद्रमापाला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. एरिओलच्या लोकरीवर फोकस केला की काट्याचं टोक धूसर, टोक धरलं की लोकर गेली. छिद्र बारीक करून भागत नाही. इतक्या जवळून एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं, आणि आणखी बारीक केलं की प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच मऊ पडतं. उपाय एकच, फोकस स्टॅकिंग. रेल अंशाअंशाने पुढे सरकवत साठ-सत्तर फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला स्पष्ट भाग संगणकावर जोडायचा. त्यासाठी मी हेलिकॉन फोकस हा प्रोग्राम वापरते. केस आणि काटे एकमेकांवरून जात असतील तिथे झिरीन स्टॅकर जास्त चांगलं काम करतं, म्हणून दोन्ही ठेवली आहेत.

स्टॅक करायचा तर मधल्या काळात काहीही हलता कामा नये. आमची इमारत दादर पूर्वेला, रुळांच्या अगदी लगत. फास्ट लोकल गेली की स्क्रीनवर काटा थरथरताना दिसतो. त्यामुळे कामाची वेळ आपोआप ठरली: शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली येईपर्यंत. पंखा बंद, खिडकी बंद, शटर इलेक्ट्रॉनिक, प्रत्येक फ्रेमआधी दोन सेकंदांचा विराम.

ही वेळ निवडुंगालाही सोयीची आहे. त्याची पर्णरंध्रं रात्रीच उघडतात. दिवसाच्या उन्हात ती उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून तो रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून त्यातून अन्न करतो. आपण झोपलेले असतो तेव्हा तो श्वास घेत असतो, हे माहीत असलं की रात्रीच्या कामाचा शीण कमी वाटतो.

१ मार्च

मॅमिलॅरिया. नर्सरीत सर्वात सहज मिळणारा हा निवडुंग. पण या प्रकल्पात सर्वात जास्त रात्री याच्यासोबत जाणार हे आत्ताच दिसतंय.

याला इतर निवडुंगांसारख्या धारा नसतात, उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्याच्या टोकावर एक एरिओल आणि तिच्यातून चहूकडे फुटलेले काटे. सरळ वरून फोटो घेतला तर उंचवट्यांच्या सर्पिल रांगा दिसतात, काही उजवीकडे वळणाऱ्या, काही डावीकडे. प्रिंटवर पेन्सिलीने मोजल्या: एका दिशेला १३, दुसऱ्या दिशेला २१. फिबोनाची मालिकेतले (जिच्यात प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज असतो) शेजारशेजारचे आकडे. झाड काही मोजत बसत नाही. शेंड्यावर येणारा प्रत्येक नवा उंचवटा आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंश वळून बसतो, कारण तिथे त्याला सर्वात जास्त मोकळी जागा मिळते. बाकीचं त्यातून आपोआप घडतं. पण हे वाचणं वेगळं आणि स्वतः काढलेल्या फोटोवर पेन्सिल फिरवत एकविसाव्या रांगेशी पोचणं वेगळं. दुसऱ्यांदा मोजूनही तोच आकडा आला तेव्हा मला फार आनंद झाला.

आता फुलं. शेंड्याभोवती गुलाबी फुलांचं कडं आलं आहे. वरवर पाहता ती काट्यांतून आल्यासारखी वाटतात. लेन्स आडवी लावून दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेत प्रकाश टाकला, तेव्हा कळी खाचेच्या तळातून येताना दिसली. मॅमिलॅरियात एरिओल जणू दोन जागी वाटली गेली आहे. टोकावरचा भाग फक्त काटे देतो, खाचेतला भाग फूल देतो. त्या खाचेतही थोडी लोकर आहे आणि ती टोकावरच्या लोकरीपेक्षा जास्त पांढरी आहे, कारण तिथे धूळ पोचत नाही.

मॅमिलॅरियाचा जवळचा नातलग कोरिफँथा. त्याच्या उंचवट्यावर टोकापासून खाचेपर्यंत एक बारीक चर असतो, दोन्ही भागांना जोडणारा. माझ्याकडच्या कोरिफँथाला तो चर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, पण इतकी वर्षं ती मला साधी सुरकुती वाटत होती. बाजूने, अगदी तिरका प्रकाश दिल्यावर चराच्या कडेने लोकरीचे तुरळक धागे दिसले. हे दोन फोटो भिंतीवर शेजारीशेजारी हवेत.

९ मार्च

प्रकाशाच्या नोंदी, पुढे विसरू नयेत म्हणून.

समोरून थेट एलईडी: काटे चमकतात, खोली जाते. नको.

ट्रेसिंग पेपरचं नळकांडं करून झाडाभोवती उभं केलं आणि दिवे बाहेरून: लोकरीसाठी सर्वात उत्तम. प्रत्येक धागा सुटा दिसतो.

मागून एकच दिवा, पुढे काळी मखमल: कोवळ्या काट्यांसाठी. कोवळा काटा अर्धपारदर्शक असतो आणि बुडाशी लाल-केशरी रंग धरतो. काटा बुडाकडून वाढतो, टोकाकडून नाही. टोक आधी तयार होऊन वाळतं आणि खालून नवा भाग त्याला वर ढकलत राहतो. मागच्या प्रकाशात हे सरळ दिसतं: टोक गडद आणि कोरडं, बूड ओलसर आणि उजळ.

पाण्याचे थेंब शिंपडून फोटो काढायचे नाहीत, ग्लिसरीन तर मुळीच नाही. थेंब आला की नजर थेंबाकडे जाते आणि झाड पार्श्वभूमी होतं.

२३ मार्च

नर्सऱ्यांची फेरी. बऱ्याच ठिकाणी निवडुंगाच्या डोक्यावर वाळलेली रंगीत फुलं गरम गोंदाने चिकटवलेली असतात. काही सक्युलंटवर, म्हणजे पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांवर, चक्क निळा-सोनेरी रंग फवारलेला असतो. हे बघून जीव तुटतो. गोंद शेंड्यावर बसतो आणि नवी वाढ तर तिथूनच व्हायची असते. रंगाने रंध्रं बुजतात, प्रकाश अडतो. घेणाऱ्याला कोणी सांगत नाही, झाड दोन-तीन महिन्यांत मान टाकतं आणि माणूस म्हणतो, माझ्या हाताला निवडुंग लागत नाही. अशी झाडं विकत घेऊ नयेत, आणि घेतलीच तर हलक्या हाताने हळूहळू गोंद सोडवावा.

लाल डोक्याचा कलमी निवडुंग मात्र खरा आहे. वरचा लाल गोळा जिम्नोकॅलिशियम या निवडुंगाचा. त्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे स्वतःच्या बळावर तो जगू शकत नाही. खालचा तीन धारांचा हिरवा खांब बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचा असतो आणि तोच दोघांसाठी अन्न करतो. एक घेतला. जोडाच्या रेषेचा फोटो काढायचा आहे. लाल भागावरच्या एरिओलमध्ये काटे अगदी नेटके आहेत. रंग बदलला, हरितद्रव्य गेलं, तरी काट्याच्या जागेचा आराखडा तसाच राहिला.

६ एप्रिल

फेरोकॅक्टस या निवडुंगाच्या एरिओलवर सकाळी चकाकणारे थेंब दिसले. रात्री पाणी घातलं नव्हतं. सुईच्या टोकावर घेऊन बोटांत चोळलं तर चिकट. हा मध आहे. फेरोकॅक्टसच्या एरिओलमध्ये काही आखूड, बोथट काटे मधग्रंथी झालेले असतात. फुलाशी त्यांचा संबंध नसतो. हा मध मुंग्यांसाठी असतो. मुंग्या येतात, राहतात आणि इतर किड्यांना तिथे टिकू देत नाहीत.

ग्रिलवर काळ्या मुंग्यांची रांग आधीपासूनच होती. ती कुठे जाते हे मी कधी शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. मुंगीसह स्टॅक जमत नाही, ती थांबत नाही. म्हणून फ्लॅश वापरून एकेक फ्रेम. चांगली आलेली फ्रेम अशी: मुंगीचे जबडे थेंबात, मिशा मागे वळलेल्या आणि थेंबात खिडकीचं ग्रिल उलटं उमटलेलं. हा फोटो भिंतीवर जाणार, यात शंका नाही.

मुंबईच्या दमट हवेत या मधावर काळी बुरशी पटकन धरते. बरेच लोक ती कुजण्याची खूण समजून झाडावर औषध मारतात. खरं तर जुना मऊ टूथब्रश आणि पाणी पुरतं.

ब्रश फिरवताना आणखी एक लक्षात आलं. ओले झाले की फेरोकॅक्टसचे लाल काटे कितीतरी गडद होतात. कोरड्या काट्याच्या पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, पाण्याने तो गुळगुळीत होतो आणि आतला रंग बाहेर येतो. थेंब नकोत हा नियम कायम. पण ओला काटा, थेंब निथळल्यावर, एकदा टिपून ठेवला.

२० एप्रिल

आजचा दिवस निवडुंग नसलेल्या निवडुंगांचा. आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग आणि कोकणात कुंपणाला लावतात तो शेर, दोन्ही युफोर्बिया. एरंडाचं कुळ. अस्सल निवडुंगांची भूमी अमेरिका खंड. अपवाद फक्त रिप्सॅलिस बॅक्सिफेरा, जो आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही रानात सापडतो. आपल्या डोंगरांवरचे मूळचे काटेरी, मांसल खांब युफोर्बियाचे.

लांबून पाहिलं तर ओळखता येत नाही. १:१ वर क्षणात येतं. त्रिधारीच्या धारेवर काटे जोडीने येतात. त्यांच्या बुडाशी लोकर नाही, गादी नाही, एक कडक ढालीसारखा तुकडा आहे आणि काटे थेट त्याच्यातून निघतात. दोन खंडांवर, दोन वेगळ्या कुळांत, कोरड्या हवेने एकच देह घडवला: पानं गेली, खोड फुगलं, हिरवं झालं, धारा आल्या. फक्त काटा बसवण्याची पद्धत ज्या त्या घराण्याची राहिली. माझ्या मते हा भिंतीवरचा सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो शब्दांत न सांगता दोन फोटोंनीच सांगता आला पाहिजे.

चीक फार जपून हाताळावा. शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. चष्मा, हातमोजे, आणि काम झाल्यावर लेन्सचं तोंडसुद्धा पुसून घेतलं.

४ मे

मुंबईतलं मढ. किनाऱ्याकडच्या वाटेवर फड्या निवडुंग (ओपन्शिया), आणि त्याच्या फडांवर कापसासारखी पांढरी पुटं. याच्यासाठीच गेले होते.

फड्या निवडुंगाची एरिओल सगळ्यांत वेगळी. मोठे काटे तर आहेतच, पण त्यांच्या बुडाशी ग्लोकिडचे झुबके असतात: केसाएवढे बारीक, सहज सुटून येणारे काटे. एक्स्टेंशन ट्यूब लावून दुप्पट वाढीवर पाहिलं तर प्रत्येक ग्लोकिडवर उलट्या दिशेचे दातेरी खवले दिसले. आत शिरताना ते मिटून राहतात, बाहेर ओढलं की रुततात. बोटात गेलेला ग्लोकिड का निघत नाही ते या एका फोटोत कळतं.

पांढरी पुटं म्हणजे कोचिनील किड्याच्या जातीचं मेण. मेणाखाली मादी एका जागी चिकटून फडाचा रस पीत बसते. काडीने दाबलं की गडद किरमिजी रंग फुटतो. याच रंगासाठी ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासकडे हा उद्योग रुजवायची खटपट केली. १७९५ साली जो किडा आणला तो उत्तम रंग देणारी जात समजून आणला होता, निघाली वेगळीच. रंगाचा धंदा झाला नाही, पण त्या किड्याने फड्या निवडुंगाची एक जात झपाट्याने खाल्ली. पुढे १९२६ मध्ये, माजलेला निवडुंग आवरायला, याच कुळातली आणखी एक जात श्रीलंकेतून मुद्दाम आणली गेली. मढच्या वाटेवरचा हा पांढरा ठिपका त्या सगळ्या इतिहासाचा आजचा वंशज आहे. तीन मिलिमीटरचा.

फड घरी आणला नाही. ही कीड ग्रिलमधल्या ओपन्शियावर नको. उन्हात, वाऱ्यात, हातात कॅमेरा धरून जे मिळालं ते घेतलं. दोन फ्रेम बऱ्या आहेत.

२७ मे

काल पाऊस आला. हवामान खात्याने २६ मे रोजीच मुंबईत मोसमी पाऊस जाहीर केला. नेहमीची तारीख ११ जूनच्या आसपासची, इतक्या लवकर नोंदीत कधीच नव्हता. माझी सगळी आखणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यावर बेतलेली. रात्रीतून कुंड्या आत घेतल्या, ग्रिलवर प्लास्टिक बांधलं. मातीत विटांचा चुरा आणि परलाइट जास्त घातलेलं असल्यामुळे जे भिजले ते निथळतील. लेन्स ड्राय बॉक्समध्ये, सिलिका जेल तव्यावर तापवून कोरडं केलं. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरायला वेळ लागत नाही आणि एकदा काचेवरचा थर खाल्ला गेला की तो परत येत नाही.

१५ जून

पावसात निवडुंग झोपतात, पानफुटी जागी होते. चाळीच्या गॅलरीत, गच्चीच्या भेगेत, पन्हाळीत, कुठेही येते. मूळची मादागास्करची. कुळ क्रॅसुलेसी. याच कुळाच्या नावावरून रात्री कार्बन साठवण्याच्या त्या पद्धतीला सीएएम (क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम) हे नाव पडलं.

आणि ही पद्धत प्रथम जिभेवर कळली ती भारतात. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं. त्याचं ते पत्र १८१५ साली छापलं गेलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा वापरलं जातं हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला, पण निरीक्षण पक्कं होतं. मी चव घेतली नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवरून पीएचच्या पट्ट्या आणल्या. एकाच झाडाची दोन पानं, एक पहाटे चिरडलं, एक संध्याकाळी. पहाटेची पट्टी ठळकपणे आम्लाच्या बाजूला, संध्याकाळची बरीच फिकी. दोन्ही पट्ट्यांचा फोटो एका चौकटीत घेतला. सुंदर नाही, पण भिंतीवर लावणार.

पानाच्या कडेची खाच हा खरा विषय. तिथे नवं रोप येतं: प्रथम दोन थेंबाएवढी पानं, मग खाली लालसर मुळं, अजून मातीचा स्पर्शही नाही. ट्रेसिंग पेपरचा मऊ प्रकाश, काळी मखमल, मोठा स्टॅक. मुळांवरचे केस दिसतात. या प्रकल्पातला तांत्रिकदृष्ट्या सर्वात स्वच्छ फोटो हाच आहे.

५ जुलै

रात्री साडेनऊला समोरच्या काकूंनी दार वाजवलं. "अगं, आज उमलणार बघ. तुझा तो कॅमेरा घेऊन ये लवकर."

काकूंच्या गॅलरीतलं ब्रह्मकमळ. मजल्यावरचे सगळे जमले होते. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं, लहान मुलांना पुढे बसवलं. मी म्हटलं, "काकू, तुमची पूजा होऊ दे, मग मला पाऊण तास द्या." त्यांनी पहाटेपर्यंत दिला, वर दोनदा चहा.

हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या गॅलऱ्यांत पावसाळ्यात रात्री उमलतं ते एपिफायलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारा निवडुंग. काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे. एका रात्रीसाठी येतं, तर हात जोडायला काय जातंय?" माझंही तेच मत आहे.

फुलाचे फोटो घेतले: शेकडो पुंकेसर, मध्ये ताऱ्यासारखी फुटलेली कुक्षी, रात्रीच्या पतंगांना बोलावणारा वास. पण मला हवं होतं ते फुलाच्या देठाच्या बुडाशी. ज्याला सगळे पान म्हणतात ते ब्रह्मकमळाचं चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या कडेला खाचा असतात. काटा कुठेच नाही. फुलाचा लांब देठ अशाच एका खाचेतून निघालेला. फूल पूर्ण उमलल्यावर, मध्यरात्र उलटल्यावर, गॅलरीतच तिपाई लावली, शेजारच्या रिकाम्या खाचेवर १:१ ला फोकस आणला, आणि दिसली: अर्ध्या मिलिमीटरची, करड्या लोकरीची एरिओल. काटे नाहीत, पानं नाहीत, पावसात वाढणारं झाड, तरी ती जागा आहे.

काकूंना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, मग खऱ्या खाचेवर बोट फिरवलं. "तीस वर्षं पाणी घालतेय मी याला," एवढंच म्हणाल्या, आणि पुढची खाच बघायला वाकल्या.

पानफुटीची खाच आणि ब्रह्मकमळाची खाच: भिंतीच्या मधोमध ही जोडी. एक खरं पान, एक पानासारखं खोड. एकीतून रोप, एकीतून फूल.

२० जुलै

हॉवर्थिया कूपेरी. पानांची टोकं काचेसारखी. त्याच्या मूळच्या दक्षिण आफ्रिकेत हे झाड जमिनीत जवळजवळ गाडलेलं असतं आणि या खिडक्यांतून प्रकाश आत, मातीखालच्या हिरव्या पेशींपर्यंत जातो. दिव्यावर पोलरायझर फिल्म, लेन्सवर फिरता पोलरायझर. दोन्ही काटकोनात आले की पृष्ठभागाची चमक नाहीशी होते आणि नजर पानाच्या आत उतरते: हिरव्या शिरा, मधला पाणीदार भाग, आतल्या भिंतीला लागलेलं हरितद्रव्य. पोलरायझर फिरवला की परत नुसती चकाकी. एरिओलशी याचा संबंध नाही, तरी भिंतीवर लावायचा. इतकं चांगलं काही वगळू नये.

१९ ऑगस्ट

कालपासून मुसळधार. रुळांवर पाणी, मध्य रेल्वेची मुख्य मार्गावरची वाहतूक बंद, ऑफिसला सुट्टी. दिवसाउजेडी टेबल पूर्ण स्थिर असण्याची ही पहिलीच वेळ. स्टेशनवर अडकलेल्यांसाठी सोसायटीतून चहा-बिस्किटं गेली, त्यात हात लावून आल्यावर काम केलं.

शिंदळ माकुडी फुलली आहे. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, आता सेरोपेजिआ या प्रजातीत धरतात. जगात फक्त महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या कड्यांवर रानात सापडते, शिवनेरीचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध. १८६० च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. अतिशय दुर्मीळ. माझं रोप लागवडीतल्या झाडाच्या फांदीपासून केलेलं आहे. रानातून एक काडीही कोणी आणू नये.

तिच्या नात्यातल्या बाकी मांसल झाडांना पानं जवळजवळ नसतातच, हिला पावसाळ्यात ठसठशीत पानं येतात आणि कोरड्या दिवसांत गळतात. फूल पाच टोकांचा तारा, गडद किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके. नुसत्या डोळ्यांना कडा मखमली वाटतात. दुप्पट वाढीवर त्या कडांना सुटे केस दिसतात, खिडकीच्या फटीतून आलेल्या झुळकेनेही हलणारे. परागण माश्यांकडून होतं. केस थांबण्याची वाट बघत एकेक फ्रेम घेतली. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव सांगणारं आणि महाराष्ट्राबाहेर रानात न सापडणारं हे झाड आपल्याच लोकांना माहीत नाही, म्हणून हा प्रिंट दाराजवळ, आत येतानाच दिसेल असा.

२४ ऑगस्ट

प्रिंट आले. काळा रंग खोल आहे, लोकर करपलेली नाही. लाल रंग जरा चढा आला होता तो आधीच्या चाचणीत उतरवून घेतला. निवडुंग आहे त्यापेक्षा भडक दाखवायची गरज नाही.

प्रत्येक प्रिंटच्या खालच्या कोपऱ्यात झाडावरचे पाच मिलिमीटर दाखवणारी रेघ आहे. फोटोच्या वेळी त्याच मांडणीत स्टीलची पट्टी ठेवून मोजून घेतलेली. मोजमाप नसेल तर क्लोजअप ही जादू होते, बघणाऱ्याला स्वतःच्या कुंडीशी त्याचा संबंध लावता येत नाही.

मथळे लहान ठेवले. झाडाचं नाव, मूळ देश, काय बघायचं ते एका ओळीत. "खाचेच्या तळाशी बघा." "काट्याच्या बुडाचा रंग बघा." एवढंच.

३० ऑगस्ट

गणपतीचा चौथा दिवस. आरतीनंतर हॉलमध्ये गर्दी असते. मुंगीच्या फोटोसमोर लहान मुलं थांबतात, कोचिनीलसमोर साड्यांच्या रंगांची चर्चा होते, त्रिधारी आणि फेरोकॅक्टसच्या जोडीसमोर बहुतेक जण एकदा पुढे जातात आणि परत येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी शेराच्या चिकाच्या इशाऱ्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: "आमच्या गावी गुराचा डोळा गेला होता." तो कागद तसाच राहू दिला आहे.

काकू ब्रह्मकमळाच्या प्रिंटशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला एरिओल दाखवतात. त्यांनी सांगितलेली माहिती बिनचूक आहे, मी दोनदा ऐकली. बारावीतली एक मुलगी मोबाइलला लावायची क्लिप लेन्स घेऊन आली होती. तिला विचारायचं होतं की तिच्या घरच्या झाडाच्या खाचेत लोकर दिसत नाही, तर ते ब्रह्मकमळ नव्हे का. मी तिला बाजूचा प्रकाश आणि टॉर्चवर ट्रेसिंग पेपर लावायला सांगितलं, आणि जुन्या खोडाऐवजी कोवळं खोड बघायला. रात्री तिचा फोटो आला. हललेला आहे, पण लोकर आहे.

पुढचं काम ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर: कोरिफँथाचा चर, फूल असताना. आणि ब्रह्मकमळाच्या बिया मिळाल्या तर रोपं करून बघायची. रोपावस्थेत त्याला बारीक काटे असतात म्हणतात ते १:१ वर टिपायचे आहेत. काकूंनी कुंडी आत्ताच रिकामी करून ठेवली आहे.